हॅमॉकच्या दोरीला गाठ नको: हलकी व्हूपी स्लिंग घरी कशी गुंफावी

पहिला हॅमॉक, म्हणजे निजायची कापडी झोळी, मी टांगला तो पन्हाळ्याच्या वाटेवरील आमच्या शेतातल्या दोन आंब्यांमध्ये. दोरी उत्तम होती, डायनिमाची, पेन्सिलीच्या निम्म्याहून बारीक आणि माझ्यासारखे आठ-नऊ जण एकदम लटकले तरी तुटणार नाही अशी. गाठही लहानपणापासून हाताला सवयीची, दाव्याला मारतो तशी आवळून मारलेली. आडवा झालो, पाचेक मिनिटांत डोक्याकडची बाजू बोटभर बोटभर खाली येऊ लागली आणि मी उठून बसेपर्यंत गाठीतून शेपूट सुळकन निघून पाठ जमिनीला टेकली. दोरीला साधे खरचटलेही नव्हते. सारी हयात कासरे आणि दावी हाताळण्यात गेलेले माझे चुलते बांधावरून हे पाहत होते. "आरं, ही दोरी हाय का साबण? हिला गाठ कशी थांबंल?" एवढेच ते म्हणाले, आणि त्यांचे निदान अचूक होते.

डायनिमा हे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीन धाग्याचे व्यापारी नाव आहे. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीने तो विकसित केला. याच जातीचा अमेरिकेतला धागा स्पेक्ट्रा या नावाने विकला जातो. वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी अधिक बळ, पाण्यावर तरंगण्याइतकी कमी घनता, पाणी न शोषणे आणि भाराखाली फारसे न ताणले जाणे हे त्याचे गुण होत. दोषांपैकी दोन आपल्याला लक्षात ठेवावे लागतात. पहिला असा की हा धागा मेणासारखा गुळगुळीत असल्यामुळे गाठ घसरते, आणि जी गाठ घसरत नाही ती दोरीला इतक्या आखूड वळणात वाकवते की दोरीचे निम्म्याच्या आसपास बळ त्या वळणातच जाते. दुसरा असा की सुमारे १४५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. म्हणजे शेकोटीची ठिणगी त्याला पुरेशी असते, आणि ताणलेल्या दोरीवर दुसरी दोरी करवतीसारखी घासत राहिली तर त्या घर्षणाची उष्णताही पुरेशी असते.

यावरचा उपाय म्हणजे स्प्लाइस, अर्थात दोरीचे टोक दोरीच्याच पोटात पुरणे. हॅमॉकसाठी वापरतात ती डायनिमाची दोरी बारा पेडांची पोकळ वेणी असते. सहा पेड उजवीकडे आणि सहा डावीकडे फिरत जातात आणि मधे काहीच नसते. लोकरीच्या स्वेटरची बाही लांब ओढली की ती अरुंद होऊन मनगटाला आवळते, तशीच ही वेणी ओढली की बारीक होते आणि आपल्या पोटातल्या टोकाला चहूबाजूंनी धरते. भार जितका अधिक, पकड तितकी घट्ट. गाठ एका वळणावर सगळा ताण घेते, तर पुरलेले टोक तोच ताण वीत-दीड वीत लांबीवर वाटून घेते, म्हणून नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये दोरीचे नव्वद टक्क्यांच्या आसपास बळ शिल्लक राहते. या सगळ्याला अट एकच आहे: टोक पुरेशा लांबीचे पुरलेले असले पाहिजे आणि ते शेवटाकडे निमुळते केलेले असले पाहिजे. या दोन गोष्टींत काटकसर करणाऱ्याने गाठच मारावी. ती निदान घसरताना दिसते तरी.

आपण जी वस्तू करणार आहोत तिला व्हूपी स्लिंग म्हणतात. तिच्या एका टोकाला पक्की, छोटी कडी असते आणि ती हॅमॉकला अडकते. दुसऱ्या टोकाला लहानमोठा करता येणारा फास असतो आणि तो झाडाच्या पट्टीला अडकतो. मधे बोगदा असतो, म्हणजे दोरीचा असा पल्ला की ज्याच्या पोटातून दोरीचेच दुसरे टोक सरकत जाते. बकल नाही, लोखंड नाही. एका हॅमॉकला अशा दोन स्लिंग लागतात.

दोरी आणि हत्यारे

दोरीचे दोन आकार प्रचलित आहेत. सॅमसन कंपनीची ॲमस्टील ब्लू ही दोरी उदाहरणादाखल घेतली, तर ७/६४ इंचाची, म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर जाडीची दोरी सरासरी १६०० पौंडांना, म्हणजे साधारण ७२५ किलोंना तुटते, आणि १/८ इंचाची, म्हणजे ३ मिलिमीटरहून किंचित जाड दोरी २५०० पौंडांना, म्हणजे साधारण ११३० किलोंना तुटते. तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्सा हाच रोजच्या वापराचा भार मानावा. त्या हिशेबाने पहिली १४५ किलोंची आणि दुसरी २२५ किलोंची झाली. बारीक दोरीची साडेतीन मीटरची एक स्लिंग अवघी सोळा ग्रॅम भरते, जाड दोरीची सव्वीस. नवख्याने पहिली जोडी जाड दोरीची करावी असे मी सुचवेन, कारण तिचे पोट उघडायला सोपे जाते आणि दहा ग्रॅमने पाठीवरचे ओझे वाढत नाही. पुढची सर्व मापे ३ मिलिमीटर दोरीची आहेत.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दोऱ्यांच्या दुकानात जी रंगीत, चमकदार दोरी रिळावर दिसते ती या कामाची नव्हे. ती बहुधा नायलॉनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते. नायलॉन ताणले जाते, ओले झाले की आणखी, आणि रात्री कमरेइतक्या उंचीवर निजलेला माणूस पहाटे दवात लोळत असतो. डायनिमा ऑनलाइन मागवावी लागते. ती आली की आधी एक परीक्षा करावी. दोरी दोन्ही हातांच्या चिमटीत चार बोटे अंतर ठेवून धरावी आणि हात एकमेकांकडे ढकलावेत. वेणी फुगून तिचे पेड सुटे दिसू लागले आणि आत पोकळी दिसली, तर ती आपल्या उपयोगाची. आत गाभा दिसला, किंवा वरचे आवरण वेगळे आणि आतली दोरी वेगळी निघाली, तर ती परत करावी. तिच्यात टोक पुरता येत नाही.

हत्यारांसाठी बाहेर कुठे जायला नको. अर्धा मिलिमीटर जाडीची स्प्रिंगसारखी ताठ पोलादी तार साठ सेंटीमीटर घेऊन मधोमध दुमडली की दोरी ओढण्याचे सर्वोत्तम साधन तयार होते. दुमडलेले नाक चिमट्याने दाबून अरुंद करावे आणि मागची दोन टोके चिकटपट्टीने गुंडाळून मूठ करावी. ती नसेल तर पोती शिवायची दाभण चालते, मात्र तिचे टोक कानशीने बोथट करून घ्यावे, कारण आपल्याला पेडांच्या मधून जायचे आहे, पेड भोसकायचा नाही. याशिवाय फुटपट्टी, बारीक मार्कर पेन आणि कागदी चिकटपट्टी लागेल.

कापण्याचे प्रकरण मात्र त्रासाचे आहे. घरची कात्री डायनिमाला चावत राहते, धागे पात्यांमधून निसटतात आणि टोकाचा झाडू होतो. मला यावर तोड चप्पल लाईनमध्ये सापडली. तिथे एक कारागीर पायतळ्याचे कातडे लाकडी ठोकळ्यावर ठेवून रापीने कापत होता. त्याच्यापुढे मी दोरी ठेवली, त्याने तिला चिकटपट्टीचा एक वेढा दिला, रापी टेकवली आणि दाबली. ओढली नाही, फक्त दाबली. काप असा आला की बाराच्या बारा पेड मोजता यावेत. तेव्हापासून मीही तसेच कापतो: खाली लाकूड, दोरीला चिकटपट्टी, वरून नव्या पात्याच्या कटरचा सरळ दाब. टोक मेणबत्तीवर धरून वितळवू नये. वितळलेल्या टोकाचा काचेसारखा टणक मणी होतो आणि तो पुरताना आतून पेड ओरबाडतो.

कडी

एका स्लिंगसाठी साडेतीन मीटर दोरी कापावी. प्रत्यक्षात तीन मीटर वीस-बावीस सेंटीमीटर पुरते, परंतु टोक पोटात गेले की बाहेरची वेणी जाड होते आणि जाड झाली की आखूड होते; ही घट पहिल्या वेळी कुणालाच अंदाजात धरता येत नाही.

कडीच्या टोकापासून २५ सेंटीमीटरवर 'अ' ही खूण करावी आणि तिच्यापुढे १० सेंटीमीटरवर 'ब' ही. टोकापासून 'अ' पर्यंतचा भाग हे आपले शेपूट, आणि 'अ' ते 'ब' हा भाग दुमडून पाच सेंटीमीटर लांबीची कडी होणार. २५ हा आकडा कुठून आला तेही सांगतो. या जातीच्या दोरीत टोक तिच्या जाडीच्या ७२ पट लांबीइतके पुरावे असा दोरी बनवणाऱ्यांचा दंडक आहे. ३ मिलिमीटरच्या दोरीला ते २१.६ सेंटीमीटर होते, आणि उरलेले तीन-साडेतीन सेंटीमीटर वळणात आणि कापाकापीत जातात. आपण जी कुलूपबंद कडी करणार आहोत तिला कमी पुरले तरी चालते म्हणून बरेच हॅमॉकवाले बोटभरच पुरतात. मी पुरत नाही.

आता 'ब' पाशी दोरी दोन्ही बाजूंनी ढकलून फुगवावी आणि पेड मोजून सहा वर, सहा खाली असे मधोमध तोंड करावे. त्यातून तार घालून शेपूट पलीकडे ओढावे, 'अ' ही खूण 'ब' ला येऊन भिडेपर्यंत. इथे थांबून दोरी दोन्ही हातांनी सरळ करावी, कारण तिला पीळ बसला असेल तर तो या क्षणीच निघतो. मग 'अ' पाशी, म्हणजे शेपूट जिथून बाहेर आले त्याच जागी, शेपटाच्या वेणीला तसेच मधोमध तोंड करावे आणि त्यातून दोरीचे लांब टोक, अख्खेच्या अख्खे तीन मीटर, ओढून घ्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते आणि नेमके इथेच लोक घाई करतात. पूर्ण ओढून झाले की दोन्ही अंगे एकमेकांच्या पोटातून गेलेली दिसतात, एक इकडून आणि एक तिकडून. हेच ते कुलूप. दर्यावर्दी लोक याला ब्रमेल म्हणतात. भार नसताना दोरी पिशवीत कशीही चुरगळली तरी ही कडी आपोआप सुटत नाही. मात्र कुलूप आहे म्हणून पुरण्याची गरज संपली असे समजू नये. कुलूप सुटू देत नाही, बळ पुरलेल्या टोकातून येते.

पुरण्याआधी शेपूट निमुळते करायचे. त्याच्या शेवटच्या ९ सेंटीमीटरमध्ये दर ३ सेंटीमीटरवर एक, अशा तीन खुणा कराव्यात. कडीजवळच्या पहिल्या खुणेपाशी एक उजवीकडे जाणारा आणि एक डावीकडे जाणारा पेड दाभणीने उचलून बाहेर काढावा आणि तिथेच कापावा. टोकाकडचा त्याचा तुकडा सहज निघून येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेपाशी हेच करावे. बाराचे दहा, दहाचे आठ, आठाचे सहा. शेपूट आता उंदराच्या शेपटीसारखे दिसले पाहिजे. ही पायरी गाळली तर पुरलेले टोक जिथे संपते तिथे दोरीला अचानक पायरी पडते, भाराचा सगळा जोर त्या पायरीवर येतो, आणि पुढे कधी दोरी तुटलीच तर ती तिथे तुटते.

आता लांब अंगावर, कुलपापासून २५ सेंटीमीटरवर, वेणी उघडून तारेचे दुमडलेले नाक आत घालावे आणि दोरीच्या पोटातून कुलपाच्या दिशेने सरकवत न्यावे. दोरी तारेवर सुरकुत्या पाडत गोळा करावी, म्हणजे नाक सहज पुढे जाते. कुलपाला अगदी चिकटून नाक बाहेर काढावे, शेपटाचे टोक त्यात अडकवावे, आणि तार सावकाश मागे ओढून शेपूट पोटातून न्यावे. टोक बाहेर दिसले की तार सोडवावी. आता कडी एका हातात पक्की धरून दुसऱ्या हाताची मूठ कुलपापासून टोकाकडे, दाबत दाबत, सरकवावी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढताना मूठ वरून खाली कशी उतरते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे शिकवायला नको; तीच लय आणि तोच दाब. तीन-चार वेळा मूठ फिरली की गोळा झालेली वेणी पसरते आणि बाहेर डोकावणारे शेपूट गडप होते. बोटाने चाचपून पाहावे. जाडी हळूहळू ओसरत गेली पाहिजे, कुठेही टेंगूळ लागता कामा नये.

बोगदा

बोगद्याच्या खुणा आता करायच्या, आधी नव्हे, कारण पुरल्यामुळे दोरीची लांबी बदललेली असते. पुरलेले शेपूट जिथे संपते तिथून ३ सेंटीमीटर कोरे सोडून 'क' ही खूण करावी आणि तिच्यापुढे १८ सेंटीमीटरवर 'ड'. कोरे अंतर सोडायचे कारण असे की शेपटाचे टोक बोगद्यात शिरले तर तिथे दोरी दुप्पट जाड होते आणि सरकता भाग अडकून बसतो.

तार 'क' पाशी आत घालावी, कडीपासून दूर 'ड' कडे न्यावी आणि 'ड' पाशी बाहेर काढावी. लांब टोकाला चिकटपट्टी गुंडाळून अणकुचीदार करावे, मागे वळवून आणून तारेच्या नाकात अडकवावे आणि ओढावे. म्हणजे टोक 'ड' पाशी आत शिरते आणि 'क' पाशी, कडीच्या बाजूला, बाहेर पडते. दिशेची चूक इथे फार जणांकडून होते, म्हणून ताडून पाहावे: बाहेर आलेले टोक कडीकडे तोंड करून असले पाहिजे, आणि ते ओढले की पलीकडचा मोठा फास लहान झाला पाहिजे.

फास मोठा करायचा असेल तेव्हा बोगद्याची दोन्ही तोंडे हातांनी एकमेकांकडे ढकलावीत. बोगदा फुगतो, पकड सुटते आणि फास हवा तेवढा ओढून घेता येतो. त्यानंतर बोगद्यावरून मूठ फिरवून त्याला पुन्हा ताणून बारीक करावे, आणि मगच भार द्यावा. नवी स्लिंग घसरते अशी तक्रार करणारे बहुतेक जण ही मूठ फिरवायला विसरलेले असतात. नव्या दोरीवर गुळगुळीत लेप असतो त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळा किंचित सरक दिसू शकते. तेवढ्यापुरते घाबरू नये, परंतु सरक थांबलीच नाही तर बोगदा उसवून २२ सेंटीमीटरचा करावा.

बाहेर आलेले टोक चुकून बोगद्यात परत ओढले जाऊ नये म्हणून त्यात एक लाकडी मणी ओवून मागे साधी गाठ मारावी. या अख्ख्या प्रकारात गाठ चालते ती एवढ्याच ठिकाणी, कारण या टोकावर भार नसतो. माझ्या मण्यांपैकी एक लाल आहे आणि एक पिवळा, म्हणजे अंधारात विजेरीच्या उजेडातही डोक्याची बाजू कोणती ते कळते.

या मापांनी झालेली स्लिंग कमीत कमी ५५ सेंटीमीटर आणि जास्तीत जास्त दीड मीटर भरते. तीन मीटर लांबीच्या हॅमॉकला त्यामुळे झाडांमधले अंतर साडेतीन मीटरपेक्षा कमी चालत नाही. चार ते पाच मीटर उत्तम. अंगणातल्या दोन खांबांमध्ये जागा याहून कमी असेल तर पुरलेले शेपूट आखूड करण्याचा मोह होतो. तसे करण्यापेक्षा तिथे खुर्ची टाकून बसावे.

झाड आणि पट्टी

डायनिमाची दोरी झाडाभोवती कधीही थेट गुंडाळू नये. बारीक दोरीवर माणसाचा भार आला की ती सालीत रुतते, सालीखालचा जिवंत थर चेचतो, आणि खरबरीत सालीवर दोरीही झिजते. त्यासाठी पट्टी हवी: निदान अडीच सेंटीमीटर रुंद, दीड-दोन मीटर लांब, पॉलिएस्टरची, एका टोकाला शिवलेला फास असलेली. खाटेची सुती नवार दिसायला तशीच असते, पण ती ओलीत कुजते आणि तिच्या बळाचा भरवसा देता येत नाही. पट्टी झाडाभोवती फिरवून तिचे मोकळे टोक शिवलेल्या फासातून काढावे आणि ओढून घ्यावे.

स्लिंगचा फास पट्टीला अडकवण्यासाठी कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहक वापरतात तो उघडझाप होणारा धातूचा आकडा, लागतो असे नाही. उद्यमनगरात कुणाही टर्नरकडे १० मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम सळईचे दहा-दहा सेंटीमीटरचे दोन तुकडे कापून, कडा गोल करून मिळतात. त्याच्या लेखी ते पाच मिनिटांचे काम असते. पट्टीच्या लोंबत्या भागाला एक वेढा घालून तो वेढा त्याच भागावर पाडावा, आणि दांडी अशी खुपसावी की ती वेढ्याच्या एका कडेवरून, मधल्या पट्टीखालून आणि वेढ्याच्या दुसऱ्या कडेवरून जाईल. पट्टी ओढली की दांडी पक्की बसते. स्लिंगचा फास दांडीवरून ओवून पलीकडे, झाडाच्या बाजूला, पट्टीच्या गाठीवर बसवावा. भार गाठीने घ्यायचा आहे. दांडी फासाला फक्त निसटू देत नाही. फास दांडीच्या दोन टोकांवर लटकवला तर दांडी वाकते आणि एका टोकावरून सुटून उडते. सकाळी दांडी उपसली की गाठ आपोआप नाहीशी होते.

कडी हॅमॉकच्या टोकाच्या दोरीतून किंवा गोळा केलेल्या कापडाभोवती घ्यावी आणि उरलेली सगळी स्लिंग कडीच्या पोटातून ओढून घ्यावी. एवढेच.

झाडे निवडताना आंबा, जांभूळ, ऐन, फणस यांतले मांडीइतके तरी जाड झाड पाहावे. शेवगा आणि पांगारा यांना हातही लावू नये. त्यांचे लाकूड ठिसूळ असते. वर मान करून वाळकी फांदी आहे का तेही बघावे, कारण हॅमॉकवाल्याला झाड हलवण्याची सवय असते. आणि झाड कुणाच्या हद्दीत आहे तेही. दाजीपूरच्या जंगलाला १९५८ सालापासून अभयारण्याचे संरक्षण आहे; तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि रात्री पाणवठ्याच्या वाटेवर टांगलेल्या माणसाबद्दल गव्याचे काय मत होईल याची परीक्षा घेण्याचे कारण नाही.

कोन

दोरी चांगली, स्प्लाइस चांगले, तरीही स्लिंग तुटू शकते ती कोनामुळे. हॅमॉक टांगणारा नवखा माणूस दोरी आडवी, ताठ, कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ओढतो, कारण त्याला झोळ पडायला नको असतो. आडव्या दोरीला माणसाचे वजन पेलण्यासाठी वजनाच्या कित्येक पट ताण घ्यावा लागतो. ७५ किलोंचा माणूस धरला तर दोरी जमिनीच्या समांतर रेषेशी ३० अंशांचा कोन करत असताना प्रत्येक बाजूवर बरोबर ७५ किलो ताण येतो. कोन १० अंश झाला की तोच ताण २१६ किलो होतो, आणि ५ अंशांवर ४३० किलो. म्हणजे बारीक दोरीची १४५ किलोंची मर्यादा १० अंशांवर केव्हाच ओलांडलेली असते, आणि त्यात माणूस धपकन बसला तर आणखी भर पडते. हाच ताण झाडालाही बसतो, पट्टीलाही आणि हॅमॉकच्या शिवणीलाही.

३० अंश मोजायला यंत्र नको. दोरी एक मीटर आडवी गेली तर ५८ सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे. चार मीटर अंतरावरच्या झाडांना पट्टी साधारण १ मीटर ६० सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या नाका-डोळ्यांपाशी बांधली की बसायची उंची खुर्चीइतकी येते. उतारावर दोन्ही पट्ट्या समान पातळीत आहेत का ते दूर उभे राहून पाहावे. झाडाच्या बुंध्यापासून मोजू नये, कारण बुंधेच वरखाली असतात.

पहिली चाचणी ढोपराहून खाली, शक्यतो गवतावर करावी. बोगद्यातून टोक जिथे बाहेर पडते तिथे मार्करने रेघ ओढावी. आधी हातांनी दाबावे, मग बसावे, मग आडवे व्हावे, आणि दहा मिनिटांनी उठून रेघ पाहावी. ती जागच्या जागी असेल तर स्लिंग झाली. त्यानंतरही जेवढ्या उंचीवरून पडलेले चालेल तेवढ्याच उंचीवर टांगावे. कड्यावर किंवा चढाईच्या कामी ही स्लिंग वापरू नये. ती त्यासाठी केलेली नाही.

वापराने दोरीवर बारीक लव येते, ती चिंतेची नाही. परंतु पेड तुटलेला दिसला, किंवा एखादी जागा चकचकीत आणि काडीसारखी ताठ लागली, म्हणजे तिथे धागा वितळला आहे, तर ती स्लिंग बाद करावी. नवीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही. चिखल लागला तर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी, कारण बोगद्यात अडकलेली वाळू आतून कानशीसारखी चालते.

आणि पावसाळ्यात, विशेषतः आंबा घाटाकडे किंवा गगनबावड्याला जाणार असाल तर, झाडावरून ओघळणारे पाणी पट्टी आणि स्लिंग धरून थेट हॅमॉकच्या कापडापर्यंत येते. कडीच्या जरा अलीकडे, वर ताणलेल्या ताडपत्रीच्या आत येईल अशा जागी, सुती सुतळीचा वीतभर तुकडा स्लिंगला बांधून खाली लोंबता सोडावा. पाणी त्या सुतळीवर येऊन तिच्या टोकावरून जमिनीवर ठिबकते.